छायाचित्र सरळ करताना घ्यावयाची काळजी

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी सभासदांच्या घरची जुनी छायाचित्रे गोळा करावीत आणि ती नीट करून छापखान्याकडे धाडावीत, असे काम कार्यकारी मंडळाने आमच्यावर सोपविले. शाळेत मुलांना गणित आणि विज्ञान शिकविण्यात आमची वीस वर्षे गेली. संगणकावरही थोडाफार हात चालतो. तेव्हा हे काम म्हणजे आमच्या डाव्या हातचा मळ, असे आम्हांला वाटले. त्या वाटण्याची किंमत काय पडली ते आधी सांगतो आणि मग मूळ धड्याकडे वळतो.

निपाणीच्या एका खालांच्या घरी ट्रस्टच्या रात्रीच्या वर्गाच्या पहिल्या तुकडीचे सामुदायिक छायाचित्र होते. दिवसभर विड्या वळून संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरविणारी ती माणसे. जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले चित्र, आणि त्याखाली शाईने एका ओळीत लिहिलेली नावे, काही मराठीत, काही उर्दूत. 2019 च्या ऑगस्टात वेदगंगा आणि दूधगंगा यांना पूर आला, तेव्हा खालांच्या माहेरच्या गावी ठेवलेल्या ट्रंकेत पाणी शिरले आणि त्या पुठ्ठ्याचा लगदा झाला. सुदैवाने पुराच्या आधी खालांच्या नातवाने आपल्या फोनवर त्या चित्राचे चित्र काढून ठेवले होते. तेवढेच आता जगात उरले होते.

ते चित्र एका फोनवरून दुसऱ्या फोनवर, तेथून तिसऱ्यावर असे करीत आमच्याकडे आले. पाहतो तो आडवे! माणसे भिंतीवर झोपविल्यासारखी. आम्ही ते शाळेच्या संगणकावर उघडले, उजवीकडे फिरविले आणि जतन केले. छापखान्यातून निरोप आला की, ‘चित्र आडवे आहे.’ आम्ही पुन्हा उघडले, पुन्हा फिरविले, पुन्हा जतन केले. मग कोणी म्हणाले, थोडे उजळ करा. केले, जतन केले. कोणी म्हणाले, कडेची भिंत काढून टाका. काढली, जतन केली. प्रत्येक वेळी जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी बसत गेली, आणि आम्ही काम तडीस नेत आहोत या समाधानात होतो.

कच्चा छापा घेऊन खालांकडे गेलो. त्यांनी चष्मा चढविला, चित्राखालच्या ओळीवरून बोट फिरविले, पुन्हा फिरविले आणि विचारले, “मास्तर, हितं अब्बांचं नाव होतं की हो. कुठं गेलं?”

नावांच्या जागी करड्या रंगाचे चौकोनी डाग तेवढे होते. चेहऱ्यांच्या कडांना बारीक धूळ उडाल्यासारखे दिसत होते. पुरातून वाचलेले नाव आम्ही आमच्या हाताने बुडविले होते. त्या दिवशी घरी येऊन आम्ही विद्यार्थ्यासारखे अभ्यासाला बसलो. तो अभ्यास आपल्या सभासदांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या उपयोगी पडावा, म्हणून हा लेख.

1. चित्र म्हणजे आकड्यांचे कोष्टक

फोनने काढलेले छायाचित्र हे वास्तविक आकड्यांचे एक प्रचंड कोष्टक असते. चित्राचे बारीक बारीक ठिपके पाडलेले असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा किती, असे तीन आकडे ठेवावे लागतात. समजा, चित्र 4000 ठिपके रुंद आणि 3000 ठिपके उंच आहे. म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके झाले, आणि आकडे झाले 3 कोटी 60 लाख. जसेच्या तसे ठेवले तर एवढ्या एका चित्रालाच सुमारे 36 मेगाबाइट जागा लागेल. प्रत्यक्षात आपल्या फोनमध्ये असे चित्र बहुधा चार-पाच मेगाबाइटांतच मावलेले आढळते. उरलेले गेले कोठे? ते आवळून बसविलेले असते. ही आवळण्याची जी सर्वांत रूढ पद्धत, तिचे नाव जेपेग. छायाचित्रतज्ज्ञांची जी संयुक्त समिती 1986 साली स्थापन झाली, तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. तिने ठरविलेले प्रमाण 1992 साली मान्य झाले. फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘जेपीजी’ अशी अक्षरे दिसतात, ती हीच.

या पद्धतीच्या मुळाशी जे गणित आहे ते आपल्याच राज्यातील एका माणसाने दिले, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे. डॉ. नासिर अहमद यांचा जन्म 1940 साली बेंगळुरूत झाला. तेथेच अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते पुढील शिक्षणासाठी अमेरिकेस गेले आणि तेथे प्राध्यापक झाले. 1972 साली त्यांनी या संशोधनासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही. कल्पना फारच साधी आहे असे एका परीक्षकाला वाटले, असे त्यांनीच पुढे लिहिले आहे. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव या दोघांसह त्यांनी आपला निबंध 1974 च्या जानेवारीत प्रसिद्ध केला. आज जगात कोणीही फोनवर छायाचित्र काढून पाठविले, की बहुधा त्यात ते ‘साधे’ गणित राबत असते. ज्या मुलाला वर्गात ‘फार सोपे विचारतोस’ म्हणून गप्प बसविले जाते, त्याने ही हकीकत ध्यानात ठेवावी.

2. आवळण्याची युक्ती

आता ते गणित करते काय? चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनात 64 ठिपके. या 64 ठिपक्यांऐवजी दुसरे 64 आकडे मांडले जातात. त्यांतील पहिला आकडा चौकोनाचा सरसकट उजेड किती ते सांगतो. पुढचे आकडे क्रमाक्रमाने अधिकाधिक बारीक चढउतार सांगतात: आधी ढोबळ सावली, मग कडा, मग शाईच्या रेघा, मग कापडाचा पोत. स्वयंपाकाची उपमा द्यावयाची तर रस्सा तसाच न पाठविता त्याचे माप पाठवावे: पाणी इतके, मीठ इतके, मसाला इतका. मापे बरोबर असली तर पलीकडच्या घरी तोच रस्सा होतो. इथपर्यंत नुकसान जवळजवळ काहीच नाही.

नुकसान पुढच्या पायरीला होते. मापे थोडक्यात लिहिता यावीत म्हणून प्रत्येक आकड्याला एका ठरावीक भाजकाने भागतात आणि येणारे उत्तर जवळच्या पूर्णांकात धरतात. समजा, आकडा 47 आहे आणि भाजक 10. भागाकार 4.7, तो 5 धरला. पुढे चित्र उघडताना 5 गुणिले 10, म्हणजे 50 मिळतात. 47 चे 50 झाले; 3 चा फरक पडला. डोळ्याला एवढा फरक सहसा कळत नाही. बारीक तपशिलाच्या आकड्यांसाठी तर भाजक बराच मोठा घेतात, त्यामुळे त्यांतील पुष्कळ आकडे शून्यच होतात आणि फाइल लहान होते. मनुष्याच्या डोळ्याला बारीक तपशील आणि रंगातील बारीक फरक कमी जाणवतात, यावरच ही सारी बचत उभारलेली आहे.

चेहऱ्याला, आकाशाला, भिंतीला हे खपून जाते. अक्षरांना खपत नाही. अक्षर म्हणजे पांढऱ्यावर काळी बारीक रेघ. तिचा जीव त्या शेवटच्या बारीक आकड्यांतच असतो. मराठीत एक अनुस्वार बुडाला की ‘खंत’चे ‘खत’ होते. उर्दूत तर ठिपक्यावाचून अक्षरच ओळखता येत नाही: तोच आकार, ठिपका वर असला तर ‘खुदा’ आणि खाली असला तर ‘जुदा’. तेव्हा ज्या चित्रात लेखन आहे, मग ती खालांच्या चित्राखालची नावे असोत, शाळा सोडल्याचा दाखला असो की जुना खरेदीखताचा कागद असो, त्याची काळजी चेहऱ्यापेक्षा दुपटीने घ्यावयास हवी.

3. वारंवार जतन केल्याने काय होते

येथे विचारी वाचक शंका काढील की, एकदा 47 चे 50 झाले, आता 50 ला पुन्हा 10 ने भागले तर 5 च येणार आणि पुन्हा 50 च मिळणार. मग नुकसान वाढते कसे? शंका बिनतोड आहे. त्याच भाजकाने, तेच चौकोन तसेच ठेवून पुन्हा जतन केले, तर पहिल्या खेपेनंतरचे नुकसान खरोखरच थोडे असते. परंतु व्यवहारात भाजक तेच राहत नाहीत. फोनचे भाजक निराळे, संगणकावरील कार्यक्रमाचे निराळे, निरोप पाठविण्याच्या सोयीचे आणखी निराळे. आता हिशेब पाहा.

मूळ आकडा 47. पहिला भाजक 10: उत्तर 5, परत मिळाले 50.
दुसरा भाजक 14: 50 भागिले 14 म्हणजे 3.57, धरले 4, परत मिळाले 56.
तिसरा भाजक 22: 56 भागिले 22 म्हणजे 2.55, धरले 3, परत मिळाले 66.

हाच 47 मुळातून एकदम 22 ने भागला असता तर 2.14 आले असते, ते 2 धरले असते आणि 44 मिळाले असते. म्हणजे कठोर भाजकाने एकदाच आवळले असते तर फरक 3 चा. तीन हातांतून गेले तर फरक 19 चा! प्रत्येक आकड्याची गत अशीच होते असे नव्हे; काही आकड्यांत चुका एकमेकींना छेदतातही. पण लाखो आकड्यांत मिळून चूक साचत जाते. गुरुजींनी फळ्यावर लिहिले ते एकाने उतरवून घेतले, त्याच्या वहीवरून दुसऱ्याने, दुसऱ्याच्या वहीवरून तिसऱ्याने. तिसऱ्याच्या वहीत जे सापडते तेच येथे सापडते.

एक गैरसमजही दूर केला पाहिजे. चित्र नुसते उघडून पाहिल्याने ते झिजत नाही. हजार वेळा पाहावे. फाइलीची जशीच्या तशी नक्कल केल्याने, पेन ड्राइव्हवर घातल्यानेही झिजत नाही. झिजते ते बदल करून पुन्हा जतन केल्याने, आणि आवळून पाठविणाऱ्या सोयीतून गेल्याने. तसेच एकदा गेलेला तपशील, मागाहून दर्जाचा आकडा 100 वर नेऊन जतन केल्याने परत येत नाही. त्याने फाइल तेवढी फुगते. पातळ झालेले ताक मोठ्या भांड्यात ओतल्यासारखे.

4. फिरविणे आणि फरशी

आता फिरविण्याकडे येऊ. सामान्य कार्यक्रम चित्र फिरविताना ते आधी पूर्ण उलगडतो, ठिपके फिरवितो आणि पुन्हा पहिल्यापासून आवळतो. म्हणजे केवळ आडव्याचे उभे करण्यासाठी आपण भागाकाराची आणखी एक फेरी पत्करतो. वास्तविक काटकोनात फिरविण्यासाठी याची मुळीच गरज नाही. चौकोन न उलगडता एकेक चौकोन उचलून नव्या जागी ठेवावा, आणि त्याच्या आत 64 आकड्यांच्या आडव्या ओळी उभ्या कराव्यात व ठरलेल्या काही आकड्यांची चिन्हे, अधिकाची उणे, बदलावीत, एवढ्याने चित्र फिरते. कोठे भागाकार नाही, कोठे पूर्णांक धरणे नाही. अशा फिरविण्यास ‘लॉसलेस’, म्हणजे हानी न होणारे, असे म्हणतात. असे चार वेळा फिरविले, तर चित्राचे आकडे होते तसेच परत मिळतात.

मात्र यात एक अट आहे, आणि ती फरशीच्या उदाहरणाने चांगली कळते. गवंडी डाव्या कोपऱ्यातून अख्खी फरशी बसवीत निघतो. खोलीचे माप फरशीच्या पटीत नसेल, तर तोडलेले तुकडे उजव्या आणि खालच्या भिंतीलाच येतात. जेपेगचा नियमही हाच: वरच्या डाव्या कोपऱ्यापासून अख्खे चौकोन, अर्धवट चौकोन आले तर फक्त उजव्या किंवा खालच्या कडेला. आता खोली फिरविली आणि तुकड्यांची ओळ डाव्या भिंतीला आली, तर गवंडी म्हणेल, ‘येथून माझे काम सुरू होते, येथे तुकडा चालणार नाही.’ मग एक तर ती पट्टी कापून टाकावी लागते, नाही तर सारी फरशी उखडून नव्याने बसवावी लागते. सामान्य कार्यक्रम उखडण्याचेच काम करतो. नव्या कोपऱ्यापासून नवे चौकोन पाडले की ते जुन्या चौकोनांच्या रेघांवर आडवेतिडवे पडतात, आणि वर सांगितलेला ‘तेच चौकोन’ हा आधारही निघून जातो.

प्रत्यक्ष मापे घेऊ. रंगाचा तपशील कमी ठेवण्याच्या रूढ रीतीमुळे फरशीचा खरा आकार बहुतेक वेळा 16 गुणिले 16 ठिपक्यांचा होतो. 4032 गुणिले 3024 या मापाचे चित्र घ्या. 4032 भागिले 16 म्हणजे 252. 3024 भागिले 16 म्हणजे 189. दोन्हींत बाकी शून्य; हे चित्र कोणत्याही बाजूस बिनधोक फिरेल. आता 4000 गुणिले 3000 घ्या. 4000 भागिले 16 म्हणजे 250, बाकी शून्य. 3000 भागिले 16 म्हणजे 187 आणि बाकी 8. म्हणजे खालच्या कडेला आठ ठिपक्यांचा तुकडा आहे. हे चित्र डावीकडे फिरविले तर खालची कड उजवीकडे जाते; तेथे तुकडा चालतो, काम निर्वेध होते. उजवीकडे फिरविले तर खालची कड डावीकडे येते आणि अडते. तेव्हा ती आठ ठिपक्यांची पट्टी कापावी लागते. तीन हजारांत आठ, म्हणजे शेकड्याला पावाहून किंचित अधिक. चित्रासाठी ही किंमत फार नाही; पण कोणाचे नाव कडेला अगदी टेकलेले असेल तर पट्टी कापण्यापूर्वी पाहून घ्यावे.

हे काम करणारे कार्यक्रम फुकट मिळतात. ‘इरफानव्ह्यू’ या घरगुती वापरास विनामूल्य असलेल्या कार्यक्रमात, त्याची जोड-साधने बसविली असता, जेपेग हानी न होता फिरविण्याची सोय आहे. मात्र नेहमीचे ‘फिरवा’ आणि हे ‘हानीविना फिरवा’ या दोन निराळ्या आज्ञा आहेत, हे ध्यानात ठेवावे. ‘जेपेगट्रॅन’ नावाचे साधन तर याच कामासाठी आहे. ‘बाकी उरत असेल तर काम करू नकोस’ किंवा ‘बाकीची पट्टी कापून टाक’ असे त्याला आधीच बजावता येते.

5. चित्र आडवे का दिसते?

आमच्या चुकीचे मूळ येथे होते. फोन आडवा धरला की उभा, हे ओळखणारे साधन फोनमध्येच असते. परंतु पुष्कळ फोन चित्राचे ठिपके फिरवीत नाहीत. ते आडवेच ठेवतात आणि फाइलीबरोबर एक चिठ्ठी जोडतात. ही चिठ्ठी ‘एक्झिफ’ या नावाच्या माहितीत असते, आणि तीत दिशा सांगणारा 1 ते 8 पर्यंतचा एक आकडा असतो. 1 म्हणजे चित्र आहे तसेच दाखवा. 6 म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने काटकोनात वळवून दाखवा. 8 म्हणजे उलट दिशेने वळवून दाखवा. जो कार्यक्रम ही चिठ्ठी वाचतो त्यात चित्र उभे दिसते. जो वाचत नाही त्यात आडवे. निरोपाच्या काही सोयी चित्र पाठविताना चिठ्ठी काढूनही टाकतात.

म्हणजे घरी उभे दिसणारे चित्र छापखान्यात आडवे दिसले, तर चित्रात दोष नसतो. एकाने चिठ्ठी वाचलेली असते, दुसऱ्याने नाही. आम्ही हे न जाणता कधी इकडे कधी तिकडे फिरवीत बसलो आणि प्रत्येक फेरीत भागाकार वाढवीत गेलो. चित्र खरोखर फिरविले तर चिठ्ठीतील आकडा 1 करावयास हवा; नाही तर चिठ्ठी वाचणारा कार्यक्रम आधीच सरळ झालेले चित्र पुन्हा फिरवून दाखवितो. चांगली साधने हे आपणहून करतात, तरी खात्री करून घ्यावी. आणि चित्र फक्त पाहावयाचे असेल, तर ठिपक्यांना हात न लावता चिठ्ठीतील आकडा तेवढा दुरुस्त करणे ही सर्वांत निरुपद्रवी रीत होय.

6. घरी पाळावयाचे नियम

(1) फोनमधून किंवा स्कॅनरमधून आलेली पहिली फाइल ही ‘मूळ’ समजावी. तिच्यावर कधीही काम करू नये. नक्कल करावी आणि नकलेवर काम करावे. मूळ फाइलीच्या नावात साल आणि ‘मूळ’ हा शब्द घालावा.

(2) काटकोनात फिरवावयाचे असेल तर हानीविना फिरविणारे साधनच वापरावे.

(3) चित्र दोन-तीन अंशांनी कलले असेल, तर ते हानी न होता सरळ करता येत नाही. तेथे सारे ठिपके नव्याने काढावे लागतात. म्हणून चित्र घेतानाच सरळ घ्यावे. तरीही करावे लागलेच, तर कल, काटछाट आणि उजेड ही सर्व कामे मुळाच्या नकलेवर एकाच बैठकीत करावीत आणि एकदाच जतन करावे.

(4) काम अनेक दिवस चालणार असेल तर मधली फाइल टिफ किंवा पीएनजी या पद्धतीत ठेवावी. पीएनजीत आवळताना काहीही टाकले जात नाही; टिफही बहुधा तसेच ठेवले जाते. जागा अधिक लागते, पण तपशील राहतो. जेपेग अगदी शेवटी, पाठविण्याच्या वेळी करावे.

(5) जुने कागद आणि अक्षरे असलेली चित्रे शक्यतो स्कॅनरवर घ्यावीत आणि टिफ किंवा पीएनजीत ठेवावीत.

(6) व्हॉट्सॲपवरून पाठवावयाचे तर छायाचित्र म्हणून पाठवू नये. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते.

(7) मूळ फाइलीच्या दोन नकला दोन निराळ्या घरांत ठेवाव्यात. शक्य तर निराळ्या गावांत. नदीकाठच्या लोकांस याचे कारण सांगावयास नको.

(8) अंधुक चेहरे ‘स्पष्ट’ करून देणारे नवे कार्यक्रम आता आले आहेत. त्यांचा मोह आवरावा. गेलेला तपशील त्यांना सापडत नाही. इतर हजारो चेहऱ्यांवरून ते तेथे एखादा नाकडोळा बसवून देतात. चित्र देखणे होते, पण तो चेहरा आजोबांचा नसतो. अंधुक का असेना, खरा चेहरा जपावा.

7. अभ्यास

मुलांनी सुटीत पुढील प्रयोग करून पाहावेत. (अ) आपल्या फोनमधील एका चित्राची रुंदी आणि उंची पाहून दोन्हींस 16 ने भागा; बाकी काय उरते? ते चित्र कोणत्या बाजूस निर्वेध फिरेल? (आ) मासिकाच्या एका पानाचे चित्र घ्या. त्याची एक नक्कल नेहमीच्या कार्यक्रमात दर्जाचा आकडा बदलत दहा वेळा जतन करा. दुसरी हानीविना चार वेळा फिरवा. मग दोन्ही मुळाशेजारी ठेवून अनुस्वार मोजा. (इ) 35 हा आकडा प्रथम 8, मग 13, मग 20 या भाजकांनी आवळा. आणि दुसऱ्यांदा एकदम 20 ने. कोणते उत्तर मुळाच्या जवळ येते? कधी कधी वाट लांबची असूनही फरक तेवढाच राहतो. येथे तसे होते का, ते ताडून पाहा.

आता खालांच्या चित्राचे काय झाले ते सांगून लेख संपवितो. त्यांच्या नातवाचा तो जुना फोन केव्हाच बंद पडला होता. पण त्यातील नखाएवढे कार्ड शिवणाच्या डब्यात, बटणांत सापडले. त्यात पहिली फाइल होती, आडवी पडलेली, पण अक्षरन् अक्षर शाबूत. या वेळी आम्ही मुळाला हात लावला नाही. नक्कल केली, बाकी तपासली आणि हानीविना एकदाच फिरविली. खालांनी पुन्हा चष्मा चढविला, ओळीवरून बोट फिरविले आणि डावीकडून सातव्या नावावर ते थांबले. त्या काही बोलल्या नाहीत. बोट मात्र बराच वेळ तेथेच होते. ते चित्र याच अंकात नावांसह छापले आहे.

दुसऱ्या एका चित्राच्या बाबतीत असे भाग्य लाभले नाही. ट्रस्टच्या इमारतीचा पाया खणतानाचे ते चित्र. त्याची पहिली फाइल आम्ही ‘आता काम झाले’ म्हणून स्वतःच पुसून टाकली होती, आणि ज्यांच्या फोनमधून ती आली होती त्यांच्याकडेही ती राहिलेली नाही. फावडे घेऊन उभ्या असलेल्या तिघांची नावे आता वाचता येत नाहीत. ते चित्र आम्ही मुद्दाम तसेच, डागांसह, शेवटच्या पानावर दिले आहे. ज्या सभासदांस ते तिघे ओळखू येतील, किंवा ज्यांच्या ट्रंकेत त्या चित्राची कागदी प्रत असेल, त्यांनी कार्यालयात कळवावे. प्रत आमच्या हवाली करू नये, स्वतः घेऊन यावी; आम्ही त्यांच्यासमोर स्कॅन करून ती त्यांच्या हाती परत देऊ.